सव्वापट

फेरीतून उतरलो तेव्हा न्यांगेता मफुरू
छपरावर उभ्या, ओल्या फडक्यानं पॅनेल पुसत होत्या.
"चिलटं," वरूनच म्हणाल्या,
"तळ्यावरून लोटच्या लोट येतात,
आणि मरायला त्यांना माझंच छप्पर सापडतं."
मी वहीत लिहिलं :
साफसफाई – मजुरी शून्य – मालकीण स्वतः.

म्वांझाच्या बँकेनं मला उकेरेवे बेटावर पाठवलंय
एवढंच बघायला
की ही कंपनी व्याज भरत राहील का.
मुद्दलाचं नंतर बघू, साहेब म्हणाले,
श्वास चालतोय का, तेवढं सांग.

कंपनी म्हणजे अठ्ठेचाळीस पॅनेल,
एकशेचाळीस बॅटऱ्या, दोन पोरं, एक गल्ला.
संध्याकाळी कोळी भरलेली बॅटरी नेतात,
तिच्या दिव्याला डागा मासळी भुलते,
पहाटे रिकामी आणून टाकतात.
रात्रीचे दीड हजार शिलिंग.
पूर्वी कंदील होते,
तेव्हा कालवणालासुद्धा रॉकेलचा वास यायचा.

हिशेब सरळ आहे.
वर्षाचं व्याज बाहत्तर लाख.
घसारा धरायच्या आधी नफा त्याच्या दुप्पट,
धरल्यावर सव्वापट.
घसारा काही खिशातून जात नाही,
हे साहेबांचं ठरलेलं वाक्य.
मी कोपऱ्यातल्या बॅटऱ्यांकडे बघतो,
फुगलेल्या, कुशी बाहेर आलेल्या,
प्रत्येकीवर खडूनं
मेल्याची तारीख.
एकतीस. दोनदा मोजल्या.

सव्वापट, असं लिहिलं.
त्यातला एक व्याजाचा.
वरच्या पावात पोरांचे वाढीव पगार,
वादळात उडालेले पत्रे,
मुलीची नर्सिंगची फी
आणि या एकतीसजणी.

मग त्यांनी दुसरी वही काढली.
पहिलीत ऊन होतं, तासातासाचं.
हिच्यात चंद्र.
रोजच्या रकान्यात पेन्सिलीनं काढलेली कोर,
मग अर्धा, मग फुगत गेलेला,
आणि त्याच्यापुढे जमेचा आकडा.
टिपूर चांदणं पडलं की
मासळी दिव्याला विचारत नाही.
पौर्णिमेच्या आगेमागे दहाबारा रात्री
होड्या वाळूत पालथ्या,
मगेसासारखा तांडेलसुद्धा जाळं सांधत बसतो,
गल्ल्यात नुसती चिल्लर खुळखुळते.
"लोकांना वाटतं मी ऊन विकते," त्या म्हणाल्या.
"ऊन कच्चा माल.
विकते मी अंधार."

गेल्या वर्षी मार्चअखेर आकाशात कोवळी कोर होती,
गल्ला नुकता भरलेला,
हप्ता वेळेवर.
यंदा मार्चअखेर पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले.
नऊ दिवस उशीर.
बँकेच्या यादीत नावापुढे लाल खूण.
ती खूण मीच केली होती,
म्वांझात, पंख्याखाली बसून.
हे त्यांना सांगितलं नाही.

वर्षाची सरासरी सव्वापट.
चांदण्यातल्या आठवड्याची पावपटही नाही.
आणि सरासरी
गल्ल्यात हात घालून काढता येत नाही.

अहवालात रकाने चौतीस.
चंद्राला एकही नाही.
शेवटी 'इतर'मध्ये लिहिलं :
हप्ता तारखेवर न ठेवता
अवसेनंतर आठवड्यानं घ्यावा.
खोडलं. साहेब हसतील.
पुन्हा लिहिलं,
जरा बारीक अक्षरात.

परतीची फेरी सकाळची.
रात्री काठावर बसलो, काळोख चांगला दाट होता,
म्हणजे धंद्याला चांगला.
तळ्यावर दिवे लागले होते, गावच्या गाव वसावं तसे.
सवयीनं मोजायला लागलो, साठ, पासष्ट,
आणि हिशेब चुकला,
कारण पाण्यात प्रत्येक दिवा आणखी एकदा होता.
दुप्पट.
घसारा धरायच्या आधी दिसते तशी.

दूरचा एक दिवा थरथरला
आणि गेला.
न्यांगेता मफुरूंनी तिकडे नीट पाहिलंही नाही.
"सत्त्याऐंशी नंबर," त्या म्हणाल्या,
"मगेसाची होडी.
उद्या खडू लागणार."